सेंटच्या बाटलीतलं विष आणि सात वर्षांची चौकशी



दर अंकात आपण कर्ज, विमा, बचत यांबद्दल बोलतो. या वेळी जरा लांबची गोष्ट सांगते. इंग्लंडमधली आहे, पण वाचता वाचता तुम्हाला ती फार लांबची वाटणार नाही.

इंग्लंडच्या दक्षिण भागात विल्टशायर नावाचा परगणा आहे. तिथल्या सॉल्सबरी शहरात डॉन स्टर्जेस नावाची बाई राहायची. वय 44, तीन लेकरांची आई. राहायला स्वतःचं घर नव्हतं, बेघरांसाठीच्या वसतिगृहात असायची. 30 जून 2018 या दिवशी ती शेजारच्या एम्सबरी गावात जोडीदाराच्या, म्हणजे चार्लीच्या घरी होती. चार्लीला कुठेतरी एक सेंटचा खोका सापडला होता. वरून चांगल्या कंपनीचं नाव, प्लॅस्टिकमध्ये पॅक केलेला, नवाकोरा. त्याने तो तिला भेट दिला. डॉनने मनगटावर सेंट फवारला, आपण सगळ्याच फवारतो तसा. थोड्याच वेळात तिला बरं वाटेना, आणि ती कोसळली. त्याच दिवशी नंतर चार्लीही आजारी पडला. चार्ली वाचला. डॉन 8 जुलैला दवाखान्यात गेली.

त्या बाटलीत सेंट नव्हता. नोव्हिचोक नावाचं विष होतं. रशियन भाषेत या शब्दाचा अर्थ होतो नवखा. सोव्हिएत काळात युद्धासाठी तयार केलेलं हे रसायन. बाटलीत ते हजारो माणसांचा जीव घेईल इतकं होतं, असं पुढे चौकशीत सांगितलं गेलं.

आता हे विष त्या गावात आलं कसं? त्यासाठी चार महिने मागे जावं लागतं. सर्गेई स्क्रिपाल नावाचा रशियाच्या लष्करी गुप्तचर खात्यातला माजी अधिकारी सॉल्सबरीत राहत होता. त्याने पूर्वी ब्रिटनला गुप्त माहिती पुरवली होती. त्यासाठी रशियात तो तुरुंगात गेला, मग 2010 मध्ये दोन्ही बाजूंच्या हेरांची अदलाबदल झाली तेव्हा सुटून इंग्लंडला आला. 4 मार्च 2018 रोजी तो आणि त्याची मुलगी बाजारपेठेतल्या एका बाकावर बेशुद्ध सापडले. त्याच्या घराच्या दाराच्या मुठीला हेच विष लावलेलं होतं. तपासाला गेलेल्या एका पोलीस अधिकाऱ्यालाही बाधा झाली. हे तिघेही वाचले. विष लावणारे काम उरकून निघून गेले, आणि ज्या बाटलीतून विष आणलं ती बाटली तिथेच कुठेतरी टाकून गेले. मारायचं होतं एकाला. मेली ती बाई, जिचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता.

आता विषाबद्दल थोडं. ही माहिती आपल्या कामाची आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हात हलवायचा, श्वास घ्यायचा, तोंडात लाळ आणायची, अशा प्रत्येक कामाचा निरोप नसांमधून जातो. नसेच्या टोकाला एक रसायन सुटतं आणि ते पुढच्या स्नायूला किंवा ग्रंथीला सांगतं, चल, काम कर. काम झालं की शरीरातलंच दुसरं एक द्रव्य येऊन तो निरोप पुसून टाकतं. नोव्हिचोकसारखं विष या पुसणाऱ्या द्रव्यालाच निकामी करतं. म्हणजे विहिरीवरच्या मोटरचं बटण चालू स्थितीत अडकलं आणि बंदच होत नाही, असं समजा. मग लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी वाहत राहतं, उलट्या-जुलाब होतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू थरथरतात आणि शेवटी थकून ढिले पडतात. श्वास घेणारे स्नायूही त्यातच आले. माणूस दगावतो तो बहुतेक वेळा श्वास बंद पडून.

ही लक्षणं वाचून काही जणींच्या मनात आलं असेल की हे तर आपण पाहिलंय. बरोबर आहे. आपल्या शेतात वापरतात ती प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, डायमेथोएट ही कीटकनाशकं याच कुळातली आहेत. ताकद नोव्हिचोकच्या मानाने खूपच कमी, पण शरीरात काम करायची पद्धत तीच. म्हणूनच फवारणीच्या विषबाधेत आणि युद्धातल्या विषबाधेत दोन्हीकडे डॉक्टर अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन देतात. यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या कापसाच्या हंगामात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, आणि सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं, हे तुम्हाला आठवत असेल.

बाटलीचं सांगायचं तर, विषाचा डबा दुसऱ्या कशाचा तरी वाटतो तेव्हा काय होतं ते डॉनच्या बाबतीत दिसलं. आपल्याकडे उरलेलं औषध पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून फडताळात ठेवलेलं मी गावोगाव पाहते. घरात लेकरं असतात. कृपा करून असं करू नका. औषध त्याच्याच डब्यात राहू द्या, आणि रिकामा डबा घासून पाण्याला वापरू नका. फवारणी करताना कुणाला त्रास झाला तर आधी त्याला शेतातून बाहेर काढा, भिजलेले कपडे उतरवा, साबणाने आणि भरपूर पाण्याने अंग धुवा. धुणाऱ्याने स्वतःच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी तरी घालावी. 108 ला फोन करा. मुद्दाम उलटी करायला लावू नका. औषधाचा डबा लेबलसकट दवाखान्यात न्या, म्हणजे डॉक्टरला लगेच कळेल.

आता डॉनकडे परत येते, कारण खरी गोष्ट पुढेच आहे.

डॉन आणि चार्ली आजारी पडले तेव्हा सुरुवातीला समजूत झाली की ही नशेची भानगड आहे. अंमली पदार्थ जास्त घेतले तरी डोळ्यांच्या बाहुल्या तशाच बारीक होतात, हे खरं. पण त्यात दुसरंही काही होतं. बाई बेघर, वसतिगृहात राहणारी, दारूशी तिचा झगडा चाललेला. अशा बाईबद्दल लोकांचं मत आधीच तयार असतं. पोलिसांनी तिचं वर्णन अंमली पदार्थ घेणारी म्हणून केलं. ती तशी नव्हती. तिच्या आईवडिलांना लेक गेल्याचं दुःख होतंच, वर हा शिक्का पुसायचं कामही त्यांच्याच गळ्यात आलं.

तिथे संशयास्पद मृत्यू झाला की कॉरोनर नावाचा अधिकारी चौकशी करतो. मुंबईतही पूर्वी कॉरोनर असायचा. आपल्याकडे पोलीस किंवा तहसीलदार मरणोत्तर पंचनामा करतात, त्यासारखंच हे काम, फक्त तिथे सुनावणी होते आणि साक्षीदार येतात. डॉनच्या प्रकरणात कॉरोनरने डिसेंबर 2019 मध्ये ठरवलं की दोन संशयित रशियनांनी काय केलं ते पाहू, पण त्यांना हुकूम कुणी दिला, रशियाच्या सरकारचा त्यात हात होता का, हे तपासणार नाही. कुटुंबाने हे मान्य केलं नाही. ते उच्च न्यायालयात गेले. त्यांचा मुद्दा साधा होता: आमची लेक कशाने गेली हे तुम्ही सांगताय, पण ती का गेली आणि कुणामुळे गेली हे कोण सांगणार? 2020 मध्ये न्यायालयाने निकाल कुटुंबाच्या बाजूने दिला.

मग नवी अडचण आली. हेरखात्याची गुप्त कागदपत्रं पाहिल्याशिवाय उत्तर मिळणार नव्हतं, आणि कॉरोनरच्या सुनावणीत अशी कागदपत्रं बंद दाराआड पाहायची सोय नाही. त्यासाठी तिथे 2005 चा एक वेगळा कायदा आहे, जाहीर चौकशीचा. आपल्याकडे 1952 च्या कायद्याने चौकशी आयोग नेमतात, मुंबई दंगलीनंतर श्रीकृष्ण आयोग नेमला होता, तसंच. 2022 मध्ये ही चौकशी सुरू झाली आणि लॉर्ड ह्यूज या निवृत्त न्यायमूर्तींकडे सोपवली गेली.

चौकशीला नाव दिलं डॉन स्टर्जेस चौकशी. खरं तर जगभर गाजलं होतं ते स्क्रिपालचं नाव. हेर, रशिया, राष्ट्राध्यक्ष, एवढी मोठमोठी नावं असताना कागदावर नाव आलं ते मनगटावर सेंट फवारणाऱ्या एका बाईचं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

ऑक्टोबर 2024 मध्ये साक्षी सुरू झाल्या. पहिला आठवडा सॉल्सबरीतच, तिथल्या जुन्या नगर सभागृहात, नंतर लंडनमध्ये. म्हणजे ज्या गावात हे घडलं तिथल्या माणसांना आपल्या पायांनी जाऊन बसून ऐकता आलं. पोलीस, डॉक्टर, शास्त्रज्ञ, सरकारी अधिकारी, सगळ्यांना उत्तरं द्यावी लागली. स्क्रिपालला जिवाचा धोका असल्यामुळे समोर बोलावलं नाही, त्याचं लेखी म्हणणं घेतलं. काही भाग बंद दाराआड झाला. ते मला पूर्ण पटत नाही, पण त्याशिवाय हेरखात्याची माहिती मिळालीच नसती हेही दिसतं.

एक गोष्ट लक्षात घ्या. जाहीर चौकशी कुणाला तुरुंगात टाकत नाही. दंड नाही, फाशी नाही. काय झालं, कसं झालं, कोण कुठे चुकलं, हे शोधून ती लोकांसमोर मांडते. शिक्षेसाठी खटला वेगळा. आणि ज्यांच्यावर संशय आहे ते तिघे रशियाच्या लष्करी गुप्तचर खात्याचे लोक ब्रिटनच्या हाती लागलेले नाहीत. रशिया तर सगळंच नाकारतो.

अहवाल 4 डिसेंबर 2025 रोजी आला. डॉनच्या मृत्यूला सात वर्षं उलटून गेली होती. त्यात म्हटलंय की स्क्रिपालला मारायचा हुकूम रशियात अगदी वरच्या पातळीवरून, म्हणजे राष्ट्राध्यक्ष पुतिन यांच्याकडून आला असला पाहिजे, आणि डॉनच्या मृत्यूची नैतिक जबाबदारी त्यांच्यावर आहे. इतकं जहाल विष वस्तीत टाकून देणं हा कमालीचा बेदरकारपणा होता, असंही त्यात आहे. स्क्रिपालच्या जिवाला किती धोका आहे याचा नियमित लेखी आढावा ब्रिटिश यंत्रणेने घेतला नव्हता, ही चूक अहवालाने दाखवली. डॉनला झालेली बाधा इतकी भयंकर होती की कोणत्याही उपचाराने ती वाचली नसती, हेही सांगितलं. ऐकायला कठीण, पण आईबापाला आयुष्यभर कुरतडणारा एक प्रश्न तरी त्याने मिटतो.

आणि तो शिक्का? डॉनला नशा करणारी म्हणणं चूक होतं, असं अहवालात लिहिलं गेलं. विल्टशायर पोलिसांनी कुटुंबाची माफी मागितली. कुटुंबाने मात्र सांगितलं की काही उत्तरं मिळाली, काही प्रश्न अजून तसेच आहेत.

मी हे सगळं का लिहिलं ते सांगते. आपल्याकडे फवारणीत कुणी दगावलं की पहिल्या कागदावर काय लिहिलं जातं ते बघा. "दारू प्यायला असेल." "घरात भांडण झालं होतं म्हणे." कुणीतरी बोलतं, कुणीतरी लिहून घेतं. घरची बाई त्या वेळी रडत असते, पुढे केलेल्या कागदावर अंगठा उठवते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत शेतकऱ्याच्या किंवा त्याच्या कुटुंबातल्या सदस्याच्या अपघाती मृत्यूला 2 लाख रुपये मिळतात, आणि औषध हाताळताना झालेली विषबाधा त्यात धरली आहे. पण आत्महत्या किंवा नशेत झालेला अपघात त्यात बसत नाही. म्हणजे पंचनाम्यातल्या एका शब्दाने त्या घराचा हक्क जाऊ शकतो. डॉनच्या घरच्यांनी एक शब्द खोडायला सात वर्षं झगडा केला, त्यांच्या मदतीला वकील होते. आपल्याला तो शब्द पहिल्याच दिवशी नीट लिहून घ्यायचा आहे.

म्हणून असा प्रसंग गावात आलाच तर गटातल्या दोघी-तिघींनी त्या घरच्या बाईसोबत राहा. पंचनामा लिहिला की वाचून दाखवायला सांगा. फवारणी कुठल्या शेतात, किती वाजता, कुठलं औषध, हे त्यात आलंय का ते पाहा. जे पटत नाही त्यावर अंगठा देऊ नका, आपलं म्हणणं लिहून घ्यायला सांगा. शवविच्छेदन अहवाल आणि पंचनाम्याची प्रत मागून ठेवा. अनुदानाचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जातो, त्याला उशीर करू नका. अर्जाचा नमुना मी पुढच्या महिन्याच्या ग्रामसंघाच्या बैठकीला घेऊन येते, तिथे आपण एक भरून बघू.