शत्रूने करायचं काय?

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांसाठी शत्रूला चकवण्याचं काम करणारा डडली क्लार्क पहिल्याच मोठ्या डावात जिंकला आणि तिथेच फसला. १९४१च्या सुरुवातीला ब्रिटिश सैन्य सुदानमधून इरिट्रियात घुसणार होतं. इटालियनांचं लक्ष भलतीकडे जावं म्हणून मध्यपूर्वेतला ब्रिटिश सरसेनापती जनरल वेव्हेल याच्या कैरोतल्या मुख्यालयातून क्लार्कने आवई उठवली, की हल्ला इटलीने बळकावलेल्या ब्रिटिश सोमालीलँडवर होणार. अफवा, खोटे संदेश, सगळं रीतसर. इटालियनांचा त्यावर विश्वासही बसला. पण तिथे जादा कुमक धाडायची सोडून त्यांनी तो मुलूख राखण्यात अर्थ नाही असं ठरवलं आणि काही फौज इरिट्रियाच्याच बाजूला सरकवली!

त्याच इरिट्रियात, केरेनच्या डोंगरांत, फेब्रुवारी-मार्चमध्ये चौथी आणि पाचवी भारतीय डिव्हिजन लढली. ‘केरेन’ हा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या युद्धसन्मानांपैकी एक. तिथे सांडलेलं रक्त क्लार्कच्या खात्यावर मांडणं अन्यायाचं होईल. ते डोंगर मुळातच बिकट होते. पण क्लार्कने धडा घेतला तो कायमचा. शत्रूला काय वाटावं, हे विचारून भागत नाही. त्याने काय करावं, हे आधी ठरवायचं. पुढे जनरल मंडळींकडून तो हेच आधी वदवून घेई.

क्लार्कचा जन्म १८९९चा, जोहान्सबर्गचा. तोफखान्यातला अधिकारी. १९४०मध्ये डंकर्कची माघार झाली तेव्हा तो लष्करप्रमुख जॉन डिल यांचा सहायक होता. छोट्या तुकड्यांनी समुद्रापलीकडे छापे घालावेत, ही कल्पना त्याने मांडली आणि बोअर लढवय्यांवरून त्यांना ‘कमांडो’ नाव दिलं. पहिल्या छाप्यात तो स्वतः गेला आणि कानाला गोळी चाटून परतला. त्याच वर्षअखेर वेव्हेलने त्याला कैरोला बोलावलं.

आता खरी गंमत. इटालियनांना छत्रीधारी सैनिकांची धास्ती आहे हे कळताच क्लार्कने कागदावर एक ब्रिगेड उभी केली: ‘स्पेशल एअर सर्व्हिस’. दोन सैनिकांना खोटे बिल्ले लावून इजिप्तभर मिरवलं. काही महिन्यांनी डेव्हिड स्टर्लिंग या ब्रिटिश अधिकाऱ्याला छाप्यांसाठी खरी तुकडी हवी होती. तिला हेच नाव मिळालं. आजची एसएएस ती हीच.

मार्च १९४१मध्ये त्याच्या कचेरीला ‘ए फोर्स’ हे मुद्दाम मोघम ठेवलेलं नाव मिळालं. १९४२पासून तिने खोट्या डिव्हिजनांची यादीच चालवली. त्यातल्या कित्येक जर्मनांच्या नोंदीत खऱ्या म्हणून चढल्या. एक थाप आज मारून उद्या विसरायची, असं हे काम नव्हतं. ती वर्षानुवर्षं पोसावी लागे. त्याच पायावर १९४४मध्ये बाल्कनमध्ये हल्ल्याची भीती जागती ठेवता आली. १९४२मध्ये इजिप्तमधल्या अल् अलामेनच्या लढाईच्या वेळी मात्र मोठं श्रेय जेफ्री बार्कासच्या कॅमोफ्लाज पथकाचं. उत्तरेला रणगाड्यांवर ट्रकसारखी दिसणारी कापडी आवरणं, दक्षिणेला खोटी पाइपलाइन, तीही अशा संथ गतीने टाकलेली की हल्ला नोव्हेंबरात होईल असं वाटावं. तो झाला २३ ऑक्टोबरला. तारखेबाबत शत्रूला चकवण्याचं काम ए फोर्सचं.

मधल्या काळात, ऑक्टोबर १९४१मध्ये, क्लार्कसाहेबांना माद्रिदमध्ये अटक झाली. बाईच्या वेशात! पोलिसांना सांगितलं, मी कादंबरीकार, पुरुष बायकांकडे कसे बघतात ते पाहत होतो. वकिलातीला सांगितलं, कपडे एका बाईंसाठी नेत होतो. दोन्ही खुलासे एकमेकांशी जुळेनात. पोलिसांनी काढलेले फोटो थेट चर्चिलपर्यंत गेले. दुसऱ्या एखाद्याची नोकरी गेली असती. हा पुढे ब्रिगेडियर झाला. वरिष्ठांना त्याची किती गरज होती, याचा याहून चांगला पुरावा मला तरी माहीत नाही.

वेव्हेलने भारतात आल्यावर दिल्लीतही शत्रूला चकवण्याचा हाच उद्योग सुरू केला, पीटर फ्लेमिंगच्या हाताखाली. हा जेम्स बाँडवाल्या इयनचा थोरला भाऊ.

क्लार्क १९४७मध्ये निवृत्त झाला. युद्धातल्या सुरुवातीच्या कामगिऱ्यांच्या आठवणी छापून आल्या. कैरोतल्या फसवणुकीवरच्या पुस्तकाला सरकारने मोडता घातला. मग त्याने एक कादंबरी लिहिली, एका सुरक्षा कंपनीचं संचालकपद सांभाळलं. १९७४मध्ये तो वारला, तोवर त्याने कागदावर जन्माला घातलेल्या एसएएसवर मात्र पुस्तकं निघाली होती.