ओगिमाची येथील ‘गाश्शो’ घरे

जपानच्या गिफू प्रांतात, शो नदीच्या अरुंद खोऱ्यात, ओगिमाची ही लहानशी वस्ती आहे. तेथील गवती छपरांच्या घरांचा समूह १९७६ साली शासनाने संरक्षित ठरविला व १९९५ साली त्याची जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली. ही घरे ‘गाश्शो’ धाटणीची म्हणून ओळखली जातात. ‘गाश्शो’ म्हणजे जोडलेले तळहात. संस्कृत ‘अंजलि’ या संज्ञेसाठी चिनी बौद्ध ग्रंथांत योजिलेला हा शब्द त्याच वाटेने जपानीत आला. छपराची दोन उभी पाखी जोडलेल्या हातांसारखी दिसतात, एवढाच नावाचा आधार. बर्फ साचू नये म्हणून ती जवळजवळ साठ अंशांत उतरतात. छपराखालच्या माळ्यांवर पूर्वी रेशमाचे किडे पोसले जात.

या घरांचे खरे वैशिष्ट्य मात्र त्यांच्या दुहेरी बांधणीत आहे. तुळईपर्यंतचा भाग सुतार बांधीत. त्यावरचे छप्पर गावकरी स्वतः उभे करीत. वाशांची टोके निमुळती तासून तुळईतील खाचांत बसवावयाची आणि सारा सांगाडा दोरांनी व पिळलेल्या कोवळ्या फांद्यांनी आवळावयाचा. छपरात खिळा नाही. तीस-चाळीस वर्षांनी गवत बदलण्याची वेळ आली की सारा गाव एकत्र येई. या परस्परश्रमास ‘यूई’ म्हणतात. आपल्याकडील सावडीशी त्याचे नाते सहज लक्षात येते. विशेष हा, की शब्दाचे मूळ ‘बांधणे’ या क्रियापदात आहे.

१९६१ साली पूर्ण झालेल्या मिबोरो धरणाखाली खोऱ्यातील काही वस्त्या बुडाल्या. पुष्कळ घरे विकली जाऊन अन्यत्र हलविली गेली. ही ओहोटी पाहून ओगिमाचीकरांनी १९७१ साली घर विकावयाचे नाही, भाड्याने द्यावयाचे नाही, पाडावयाचे नाही असा नियम स्वतःवर घालून घेतला. सुट्या वास्तूऐवजी वास्तुसमूहास संरक्षण देणारी कायद्यातील दुरुस्ती १९७५ची, म्हणजे त्यानंतरची आहे.

कायद्याने छपराचा आकार राखता येतो व गवताच्या खर्चास अनुदानही मिळते. यूईचे तसे नाही. रेशमाचा धंदा संपला, माणसे कमी झाली, आणि शाकारणीचे बरेचसे काम आता मजुरी घेणाऱ्या कारागिरांकडे गेले आहे. आगीची धास्ती मात्र सर्वांची सामाईक राहिली. घरांभोवती पाण्याचे फवारे बसविलेले असून दर शरद ऋतूत ते एकाच वेळी सोडून पाहिले जातात. शिवाय रहिवासी आळीपाळीने रोज वस्तीतून गस्त घालतात.