मेहकरची ‘शीळ’ आणि जी. एन. जोशी

गोविंद नारायण ऊर्फ जी. एन. जोशी (१९०९–१९९४) हे मराठी भावगीताच्या पहिल्या पिढीतले गायक-संगीतकार. पुढे एचएमव्ही कंपनीत त्यांनी ध्वनिमुद्रणाची जबाबदारी सांभाळली. या प्रवासाची सुरुवात बुलढाणा जिल्ह्यातल्या एका कवितेने झाली.

ती कविता म्हणजे ‘शीळ’. कवी ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) यांचा जन्म जिल्ह्यातल्या शेंदुर्जनचा आणि वकिली मेहकरची. जोशीही कायद्याचेच पदवीधर. दोघे एकाच वर्षी जन्मलेले. रानातून ऐकू येणाऱ्या शिळेने व्याकूळ झालेल्या मुलीचे हे गीत जोशींनी स्वतः चाल लावून गायले. १९३२च्या सुमारास त्याची तबकडी निघाली आणि घरोघरी वाजली. ‘शीळ’ हा संग्रह मात्र १९५४ साली आला. म्हणजे मेहकरच्या या कवीला महाराष्ट्राने पुस्तकात वाचण्याआधी वीस वर्षे कानांनी ओळखले होते. कवीच्या वाट्याला असे भाग्य क्वचितच येते.

तेव्हाची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटे मावत. गायकाचा आवाज मेणाच्या जाड चकतीवर कोरला जाई. एक स्वर चुकला की ती चकती वाया जाई, सगळे पुन्हा पहिल्यापासून. नाट्यपदाच्या ताना-आलापांना ही जागा अपुरी पडे. धृपद आणि दोन-तीन कडव्यांचे भावगीत मात्र तिच्यात नेमके बसे. जोशींनी हे गाताना अनुभवले होते. गंगूबाई हनगल यांच्याबरोबरची त्यांची द्वंद्वगीतेही याच काळातली.

१९३८ साली ते एचएमव्हीत नोकरीला लागले आणि माइकच्या पलीकडे गेले. तीन मिनिटांत राग मांडायला मोठे गवई सहजी राजी नसत. त्यांची मर्जी सांभाळणे, मैफलीतली रंगत बंद खोलीत उतरवणे, नेमक्या क्षणी थांबण्याची खूण करणे, हे सगळे जोशींकडे आले. स्वतः गायलेला माणूस समोर असल्याने कलावंतांना धीर येई. जास्त वेळ वाजणारी एलपी तबकडी आल्यावर एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक वेळ मिळू लागला. उस्ताद अमीर खाँ यांचा मारवा आणि दरबारी १९६० साली एकाच एलपीच्या दोन बाजूंवर आले. खाँसाहेबांची संथ बढत ७८च्या तबकडीवर अशक्य होती.

जोशींच्या निर्मितीतली सर्वांत दूरवर पोचलेली तबकडी ‘कॉल ऑफ द व्हॅली’. १९६७ साली शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार तिच्यात एकत्र आली. तबल्याला माणिकराव पोपटकर होते. काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस प्रहराप्रहराच्या रागांतून उलगडतो. पहाटेचा अहिर भैरव आरंभी आणि शेवटी पहाडी. रानातल्या शिळेपासून सुरू झालेल्या कारकिर्दीत पस्तीस वर्षांनी डोंगरातला मेंढपाळ आला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

ध्वनिमुद्रणाच्या या दिवसांच्या आठवणी जोशींनी ‘स्वरगंगेच्या तीरी’ या पुस्तकात लिहून ठेवल्या आहेत.