६१७४ आणि गणितातील ‘का?’

गणित म्हणजे आकडेमोड, असा समज आमच्या नाकाडोंगरी परिसरात घरोघरी आढळतो. बँकेत नोकरी आहे म्हटले की लोक आम्हाला मोठे गणिती समजतात! वास्तविक आम्ही कला शाखेचे पदवीधर. परंतु आकडेमोड वेगळी आणि गणित वेगळे, हे आम्हाला बँकेच्या टेबलावरच उमगले. दहावीला गणितात अडकून शाळा सोडणाऱ्या मुलामुलींना हा भेद बहुधा कोणी सांगितलेला नसतो. म्हणून हा लेखप्रपंच.

खातेवह्या हाताने लिहिल्या जात त्या काळी दिवसाअखेर जमा-नावे जुळले नाही, की जुनेजाणते कारकून फरकाला प्रथम नऊने भागून पाहत. ५२८० ऐवजी ५८२० लिहिले गेले तर फरक ५४० येतो. त्याला नऊने नि:शेष भाग जातो. म्हणजे अंकांची अदलाबदल झाली असावी, असा संशय घ्यायचा. ही झाली युक्ती. ती पाठ करूनही काम भागते. गणित सुरू होते ते पुढच्या प्रश्नापासून : नऊच का? अंक एक घर डावीकडे सरकला की त्याची किंमत दहापट होते. दहापट आणि एकपट यांतील अंतर नऊपटीचे. दोन घरे सरकला तर नव्याण्णवपटीचे. म्हणून फरकात नऊ येणारच. मात्र याचे उलट खरे नाही. फरक नऊने भागला गेला म्हणून अदलाबदलच झाली असे सिद्ध होत नाही. नऊ रुपयांची नोंद राहून गेली असेल तरीही तसेच दिसेल. ‘असेल तर’ आणि ‘असेलच’ यांतील हा भेद गणिताइतका काटेकोरपणे दुसरा कोणताही विषय शिकवीत नाही, असे आमचे मत आहे.

या संदर्भात महाराष्ट्राचे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांचे नाव विद्यार्थ्यांना ठाऊक असावे. जन्म डहाणूचा. ते विद्यापीठातील प्राध्यापक नव्हते. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ अशी ३२ वर्षे शिकवीत होते. १९४९ साली त्यांनी ६१७४ या संख्येचा एक गुण जगापुढे मांडला. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. चारही अंक सारखे मात्र नकोत. आपल्या सर्वांच्या परिचयाची १९५६ घेऊ. अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करू : ९६५१ – १५६९ = ८०८२. पुन्हा ८८२० – ०२८८ = ८५३२. पुन्हा ८५३२ – २३५८ = ६१७४. आता ७६४१ – १४६७ केले तरी ६१७४च! शून्य न गाळता कोणतीही संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत येथेच येऊन थांबते.

शंभर उदाहरणे करून पाहिली म्हणजे हे सिद्ध झाले काय? नाही. एकशे एकावे फसू शकते. मग ९,९९० संख्या तपासायच्या? त्याचीही गरज नाही. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील फरकाला ९९९ ने गुणावे, मधल्या दोन अंकांतील फरकाला ९० ने गुणावे आणि बेरीज करावी. तीच पहिली वजाबाकी. १९५६ साठी ८ × ९९९ + १ × ९० = ८०८२. पहिला फरक १ ते ९ पैकी कोणताही. दुसरा पहिल्याहून मोठा असू शकत नाही. अशा जोड्या भरतात फक्त ५४. तेवढ्या तपासल्या की प्रश्न मिटला. हजारोंचे काम चोपन्नावर आणणारी ही दृष्टी म्हणजे गणित. वजाबाकी काय, यंत्रही करते.

दहाच्या पटीत मोजणे ही माणसाची सोय आहे. पण ती एकदा स्वीकारली की ६१७४ ऐवजी दुसरी संख्या आणणे कोणाच्या हाती नाही. दोन अंकी संख्यांत तर मुक्कामच नाही : ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९, असे चक्र फिरत राहते.

कापरेकरांच्या कामाला आपल्याकडील अनेक विद्वानांनी पोरखेळ मानले. पुढे १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर झाले.

तीन अंकी संख्यांचे काय होते, हे विद्यार्थ्यांनी स्वत: शोधावे. तेथे मधला अंक वजाबाकीत उडून जातो, आणि तपासायच्या उरतात केवळ नऊ संख्या. वहीचे एक पान पुरेल.