बाळाची सर्दी: घरी काय करावे, काय टाळावे

दूध का सुटते?

तान्हे बाळ पहिले काही महिने मुख्यतः नाकानेच श्वास घेते. म्हणून नाक चोंदले की ते अंगावर पिता पिता मध्येच सोडते आणि रडते. सर्दी विषाणूंमुळे होते आणि बहुधा ७ ते १० दिवसांत आपोआप बरी होते. अँटिबायोटिकचा तिच्यावर उपयोग नाही. घरच्या उपायांनी तोवर नाक मोकळे आणि पोट भरलेले ठेवायचे.

हे करा

सलाइनचे थेंब: औषधाच्या दुकानातून आणा. दूध पाजण्याआधी प्रत्येक नाकपुडीत दोन-तीन थेंब सोडा आणि सैल झालेला शेंबूड मऊ सुती कापडाने टिपा. नाकात काडी घालू नका.

दूध: थोडे थोडे, पण वारंवार पाजा. सहा महिन्यांच्या आत वरचे पाणी किंवा काढा नको.

झोप: जागेपणी खांद्यावर उभे धरल्यास बाळाला बरे वाटते. झोपवताना मात्र पाठीवर आणि उशीशिवाय.

ओव्याची पुरचुंडी: तिने सर्दी लवकर जाते असा पुरावा नाही. ठेवायचीच तर बाळापासून दूर ठेवा. तव्यावरची गरम पुरचुंडी छातीला लावली तर कोवळी कातडी भाजते.

हे टाळा

मध: वर्षाच्या आत चाटवू नका, तुळशीच्या रसातूनही नाही. त्यातील जिवाणूंमुळे बॉट्युलिझम होऊन स्नायू लुळे पडू शकतात.

कापूर: पोटात गेल्यास झटके येऊ शकतात. कापूर असलेले बामही दोन वर्षांच्या आत नकोत.

नाकात तेल: ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो.

धुरी आणि वाफ: धुराने श्वासनलिका आणखी सुजते, उकळत्या पाण्याने भाजते.

खोकल्या-सर्दीचे सिरप: दोन वर्षांच्या आत देऊ नये, अशी सूचना केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिली आहे.

डॉक्टरांकडे कधी?

शांत असताना बाळाचे श्वास मिनिटभर मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा अधिक, त्यानंतर वर्षापर्यंत ५० किंवा अधिक भरले तर लगेच निघा. छाती आत ओढली जाणे, ओठ निळसर होणे, दूध अजिबात न घेणे, बाळ मलूल पडणे किंवा तीन महिन्यांच्या आत १००.४ फॅरनहाइट ताप, यांपैकी काहीही दिसले तरी तसेच.

थोडक्यात, बाळाच्या नाकात सलाइनखेरीज आणि सहा महिन्यांपर्यंत तोंडात दुधाखेरीज काहीही घालायचे असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.