कंपवात म्हणजे नुसते म्हातारपण नव्हे : घरच्यांनी आणि कार्यकर्त्यांनी काय करावे?

११ एप्रिल ही तारीख आपल्याला कुणी सांगावी लागत नाही. १८२७ साली याच दिवशी महात्मा जोतीराव फुले यांचा जन्म झाला. याच तारखेला, १७५५ साली, लंडनमध्ये जेम्स पार्किन्सन नावाचे डॉक्टर जन्मले. त्यांनी १८१७ साली कंपवाताच्या रुग्णांचे सविस्तर वर्णन लिहिले. त्यामुळे हा आजार पार्किन्सन नावाने ओळखला जातो आणि ११ एप्रिल हा जागतिक पार्किन्सन दिन म्हणून पाळला जातो. जयंतीच्या धामधुमीत ही गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. म्हणून आज तिच्याबद्दल बोलू.

आमच्या वस्तीतले एक काका सफाई खात्यातून निवृत्त झाले. पुढे त्यांचा चालताना तोल जाऊ लागला, बोलणे पुटपुटल्यासारखे झाले, चेहऱ्यावरचे हसू गेले. लोक म्हणू लागले, 'म्हातारा प्यायला लागला.' ज्या माणसाने आयुष्यभर दारूला हात लावला नाही, त्याने या बोलण्यापायी विहारात येणे सोडले. आजार ओळखला जाईपर्यंत दोन वर्षे गेली. तोपर्यंत आम्हीही गप्पच होतो, कारण आम्हालाही काही माहीत नव्हते.

आजार नेमका काय?

मेंदूच्या खोल भागात डोपामिन नावाचे रसायन तयार करणाऱ्या पेशी असतात. हालचाल सुरळीत होण्यासाठी ते लागते. या पेशी हळूहळू मरू लागल्या की हालचाली मंदावतात, अंग ताठरते, हात स्वस्थ असताना थरथरतो आणि पुढे तोल जातो. थरथर प्रत्येकालाच असते असे नाही. अक्षर बारीक होत जाणे, एक हात न हलवता चालणे, चेहरा निर्विकार होणे याही खुणा आहेत. वास न येणे, बद्धकोष्ठता, झोपेत हातपाय झाडणे ही लक्षणे तर कित्येकदा काही वर्षे आधीच सुरू होतात. आजार बहुतेक साठीच्या आसपास दिसतो, पण चाळिशीतही होऊ शकतो. तो संसर्गजन्य नाही.

आजार मुळापासून बरा करणारे औषध आज नाही. पण योग्य उपचार आणि घरची साथ असेल तर माणूस कित्येक वर्षे स्वतःची कामे स्वतः करू शकतो.

गोळीची वेळ चुकवू नका

लेव्होडोपा हे यातले मुख्य औषध. त्याचा असर काही तासच टिकतो. गोळी चढली की माणूस चालतो-बोलतो आणि उतरली की जागीच अडकतो. घरच्यांना वाटते, 'आत्ता तर चालत होता, आता नाटक करतो.' हे नाटक नसते. म्हणून मोबाईलवर गजर लावा आणि गोळीच्या वेळा कागदावर लिहून भिंतीवर चिकटवा. डाळ, अंडी, मटण यांतली प्रथिने औषध शोषले जाण्यात अडथळा आणू शकतात. त्यामुळे गोळी साधारणपणे जेवणाआधी अर्धा ते एक तास घेतात. मळमळ होत असेल तर डॉक्टरांना विचारा.

औषध मनाने एकदम बंद करू नका, ते जिवावर बेतू शकते. उलटीवरची मेटोक्लोप्रमाइडसारखी आणि मानसिक आजारावरची काही औषधे कंपवात वाढवतात. म्हणून कुठल्याही दवाखान्यात गेलात तर आधी हा आजार सांगा. खाजकुयलीच्या बियांमध्ये लेव्होडोपाच असते. डॉक्टरांना न सांगता तिची पावडर गोळ्यांसोबत घेतली तर मात्रेचा हिशोब बिघडतो.

घरातले छोटे बदल

चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, तेव्हा हात धरून ओढू नका, माणूस पडेल. थांबू द्या, 'एक-दोन, एक-दोन' म्हणा, समोरची फरशीची रेघ ओलांडायला सांगा. दारापाशी रंगीत पट्ट्या चिकटवल्या तरी उपयोग होतो. वळताना जागच्या जागी गिरकी न घेता मोठा वळसा घ्यावा.

अंथरुणातून उठल्यावर रक्तदाब घसरून चक्कर येते, म्हणून आधी दोन मिनिटे काठावर बसावे. मोरीत धरायला दांडी, रात्री दिवा, कमोडची खुर्ची, शर्टाला बटणांऐवजी चिकटपट्टी, कप अर्धाच भरलेला, एवढ्याने रोजचे कष्ट कमी होतात. जेवताना ताठ बसून लहान घास घ्यावेत. वारंवार ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगावे. रोज चालणे, हातपाय ताणणे आणि मोठ्याने वाचणे हे औषधाइतकेच गरजेचे आहे.

उदासी हा या आजाराचाच भाग आहे. काहींना नसलेली माणसेही दिसतात. ती बाहेरची बाधा नव्हे. आजारामुळे किंवा औषधामुळे असे होते. भगताकडे नको, मेंदूविकार तज्ज्ञाकडे न्या. आणि सगळा भार एकट्या सुनेवर किंवा लेकीवर पडत असेल, तर आठवड्यातले दोन तास तरी तिला मोकळे करा.

हक्क मागून घ्या

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ज्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाची नोंद आहे, त्यात पार्किन्सन आहे. हे अनेक घरांना ठाऊकच नाही. युडीआयडी कार्डासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो आणि तपासणी सरकारी रुग्णालयात होते. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असेल तर अनेक योजनांचे दार उघडते. सही जमेनाशी झाली म्हणून पेन्शन अडत असेल, तर साक्षीदारांसमोर अंगठा लावण्याची सोय बँकेत असते. अर्ज भरणे, रांगेत उभे राहणे, बँकेत सोबत जाणे ही कामे आपण तरुणांनी करायची आहेत. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईतील पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी यांसारखे गट रुग्णांना आणि घरच्यांना एकत्र आणतात. त्यांची मदत घ्या.

ते काका आता पुन्हा विहारात येतात. भिंतीलगत त्यांच्यासाठी एक खुर्ची ठेवली आहे. त्यांचे वाक्य पूर्ण व्हायला वेळ लागतो, आम्ही थांबायला शिकलो आहोत.

जयंतीच्या वर्गणीसाठी आपण दरवर्षी घरोघरी जातो. या वेळी पावती फाडून लगेच पुढच्या दारी जाऊ नका. घरातले जे वडीलधारे बाहेर येईनासे झाले आहेत, त्यांची चौकशी करा. नुसते 'वय झालं' असे उत्तर मिळाले, तर आणखी एक प्रश्न विचारा.