इंजिनाचे काम झाले, मग हा धूर कसला?

तीन आठवडे गॅरेजमध्ये पडून असलेली जुनी मारुती ८०० एकदाची घरी येते. ब्लॉक बोअर केलेला, पिस्टन नवे, रिंगा नव्या, व्हॉल्व्ह घासून बसवलेले. बिल असे, की घरातला एखादा मोठा खर्च पुढच्या वर्षावर ढकलावा लागलेला. आणि चौथ्या दिवशी शेजारी गॅलरीतून विचारतात, ‘‘अहो, गाडी एवढा धूर का सोडतेय?’’ प्लग काढून पाहावा, तर तो काळाकुट्ट. गॅरेजवाला म्हणतो, ‘‘चालवा, रिंगा बसतील हळूहळू.’’ दुसरा मेकॅनिक म्हणतो, ‘‘इंजिन परत खोलावे लागेल.’’ ऐकायचे कोणाचे?

गंमत अशी, की दोघेही बरोबर असू शकतात. म्हणून पुन्हा मजुरी आणि गॅस्केटचा खर्च करण्याआधी मालकाने स्वतःच थोडी पाहणी करावी. त्यासाठी मेकॅनिक असण्याची गरज नाही.

इंजिन जोडताना सिलिंडरला, पिस्टनला ऑइल चोळतात. शिवाय जुन्या दुखण्याच्या काळातले ऑइल सायलेन्सरमध्ये साचलेले असते. ते जळून जाईपर्यंत धूर येणारच. नव्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला नीट टेकायलाही काहीशे किलोमीटर लागतात. मात्र धूर दिवसागणिक कमी व्हायला हवा. हजार किलोमीटरनंतरही तो तेवढाच असेल आणि डिपस्टिकवरची ऑइलची पातळी उतरत असेल, तर ‘बसेल हळूहळू’ या उत्तरावर समाधान मानू नये.

आता रंग पाहा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. चोक अडकलेला, एअर फिल्टर तुंबलेला किंवा कार्ब्युरेटरच्या फ्लोटची पातळी चुकलेली. यात इंजिनाचा दोष नाही, ते खोलायचे कारणही नाही. पांढरी वाफ दिल्लीच्या डिसेंबरातल्या सकाळी प्रत्येक गाडीतून येते. पण इंजिन तापल्यावरही ती थांबत नसेल, गोडसर वास येत असेल आणि रेडिएटरमधले पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटमधून पाणी सिलिंडरमध्ये शिरत आहे. अशी गाडी चालवू नये; आणि गरम रेडिएटरचे झाकण तर मुळीच उघडू नये. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळणाऱ्या टू-स्ट्रोक स्कूटरवर ज्यांची हयात गेली, त्यांना निळ्या धुराचे विशेष वाटत नाही. फोर-स्ट्रोक इंजिनात मात्र तो खोड दाखवतो.

धूर केव्हा येतो, हे रंगाहूनही महत्त्वाचे. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताच निळा लोट येतो आणि मिनिटभरात निवळतो. किंवा घाट उतरताना अॅक्सिलरेटर सोडलेला असतो आणि पुन्हा दाबताच मागे धुराचा ढग उठतो. असे असेल तर संशय व्हॉल्व्हच्या ऑइल सीलवर आणि गाइडवर घ्यावा. चढावर, भरल्या गाडीत, जोर दिला की सतत धूर येत असेल, तर रिंगांकडे बोट जाते.

मग प्लग. या गाडीत तीन सिलिंडर, तीन प्लग. गाडी आठ-दहा किलोमीटर नेहमीच्या वेगाने चालवून, इंजिन थंड होऊ देऊन प्लग काढावेत. अॅल्युमिनियमच्या हेडमधून गरम प्लग ओढून काढला तर आटे जातात. टोक फिकट तपकिरी असेल तर सगळे ठीक. कोरडी, मखमली काजळी पेट्रोलची. ओला, तेलकट काळा थर ऑइलचा. तिन्ही प्लगवर कोरडी काजळी असेल तर कार्ब्युरेटर पाहावा. मंडई आणि शाळा एवढ्याच फेऱ्या होत असतील, तर कसलाही दोष नसताना काजळी धरते, कारण प्लगचे टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय काजळी जळून जात नाही. एकच प्लग तेलकट असेल तर दोष त्याच सिलिंडरचा. कित्येक गॅरेजमध्ये अशा वेळी जास्त तापणारा प्लग घालून देतात. गाडी चालते, पण दुखणे झाकले जाते.

यानंतर कॉम्प्रेशन तपासायला सांगावे. आकडा कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजतात. आकडा बराच वाढला तर गळती रिंगांकडून, नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटकडून. इथे एक फसगत होते. कॉम्प्रेशन उत्तम, म्हणून रिंगा निर्दोष, असे होत नाही. दाब धरतात वरच्या रिंगा. भिंतीवरचे ऑइल खरवडते ती खालची रिंग वेगळी. जोडताना तिच्या मधल्या स्प्रिंगची टोके एकमेकांवर चढली, तरी आकडा छान येतो आणि गाडी ऑइल पीतच राहते. वरच्या रिंगा उलट्या बसल्या, त्यांच्या फटी एका रेषेत आल्या किंवा बोअरनंतर होनिंग नीट झाले नाही, तरी धूर येतो.

सगळाच दोष गॅरेजचा नसतो. नवे इंजिन जपायचे म्हणून अंगणात तासन् तास नुसते सुरू ठेवणारे मालक काही कमी नाहीत. त्याने सिलिंडरची भिंत गुळगुळीत होते आणि रिंगा धरतच नाहीत. इंजिनाला मध्यम भार हवा, वेग कमी-जास्त होत राहायला हवा. पहिले ऑइल साधारण पाचशे किलोमीटरला बदलावे.

खोलण्याआधी दोन स्वस्त गोष्टी जरूर पाहाव्यात. ऑइल खुणेपेक्षा जास्त तर भरलेले नाही ना? इंजिनाच्या ब्रीदरची नळी तुंबलेली किंवा चुकीची जोडलेली नाही ना? या दोन्हींमुळे चांगल्या रिंगांवरूनही ऑइल वर चढते.

गॅरेजमध्ये जाताना धूर केव्हा येतो आणि किती किलोमीटरमध्ये किती ऑइल घातले, हे तारखेसह लिहून न्यावे. प्लग मात्र पुसू नयेत. प्रत्येकावर सिलिंडरचा क्रमांक टाकून ते जसेच्या तसे कागदात गुंडाळून मेकॅनिकसमोर ठेवावेत.